डाव्या कोपऱ्यातला हिरवा

नाही, पण माझं चुकलं काय, ते मला एकदा कोणीतरी नीट बसून सांगा ना! महिनाभर घरात माझ्याकडे असं बघणं चाललं होतं, जसं काही मी कोणाचा तरी खून केला, हात धुतले आणि वर चहा मागितला... म्हणजे चहा मागितला होता, ते खरं आहे. पण तुम्हाला सांगतो, बायको कप समोर ठेवायची ना, तो ठेवायची नाही, सोडायची. इंचभर वरून. अर्धा बशीत, अर्धा कपात. आणि विचारायची, अहो, तुम्हाला काही वाटतं की नाही? आता खोटं कशाला बोलू, नव्हतं वाटत. मी शोधून बघितलं. लाज आहे का, दुःख आहे का, पश्चात्ताप वगैरे... काही सापडलं नाही. दात काढायच्या आधी हिरडीत सुई देतात बघा, मग गालाला हात लावला तरी तो शेजाऱ्याचा गाल वाटतो, तसं सगळं. मी केलं काय? जे दिसलं ते केलं. आपलं एवढंच.

सुईचं उदाहरण उगाच नाही देत, माझा धंदाच तो. डॉक्टर नव्हे हो! डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवतो, आणि आम्ही तिघं जण एका लांबट खोलीत, तीन दिव्यांखाली, मान मोडेपर्यंत दात बनवतो. बावीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, पांढरा रंग लावला की झाला दात. अहो, पांढऱ्याच्या सोळा छटा असतात माझ्या डब्यात! आणि नुसता पांढरा लावला तर तो माणूस हसला की सगळ्यांना कळतं, हा खोटा. खोटा दात खरा दिसायचा असेल तर त्यात दोष घालावा लागतो. बारीकशी चीर, कडेला पिवळट झाक, शेजारच्या दातावर चहाचा डाग असेल तर तोही. गिऱ्हाइकाला कळत नाही, पण त्याच्या बायकोला कळतं.

आणि घरी आलो की गाड्या. एकास चोवीस. म्हणजे खऱ्या गाडीचे चोवीस सेंटीमीटर तो माझा एक सेंटीमीटर. शर्यतीच्या गाड्या आधी, मग ट्रक. ट्रकसारखी मजा नाही, सांगतो तुम्हाला. शर्यतीची गाडी दोन तास धावते आणि धुऊन ठेवतात, ट्रकच्या अंगावर मात्र त्याचा सगळा जन्म लिहिलेला असतो. जुन्या इअरफोनच्या तारेतून ब्रेकचे पाइप, गोळ्यांच्या पाकिटाच्या चकचकीत कागदाचे आरसे, गंजलेला खिळा कानशीने घासून त्याची भुकटी, म्हणजे गंज खरा. चिखलही खरा. माती वाळवायची, कुटायची आणि चहाच्या गाळणीतून गाळायची. त्या गाळणीवरून घरात जे झालं ते वेगळं.

पहिल्या वर्षी आमच्या छोट्या गाड्या बनवणाऱ्यांच्या क्लबच्या स्पर्धेत लाल रंगाची शर्यतीची गाडी नेली होती मी, आठ महिन्यांचं काम, आरशासारखी चमक. परीक्षक म्हणजे एक निवृत्त घड्याळजी, हातात टॉर्च, डोळ्याला भिंग. बघितलं, नाकातून बोलले, "छान आहे. पण ही धावलेली कुठे दिसते?" संपलं. अकरावा नंबर. स्पर्धकच अकरा होते. तेव्हापासून आपण एक ठरवून टाकलं, मनाचं काही घालायचं नाही आणि समोर असलेलं काही गाळायचं नाही. जे दिसलं ते केलं.

आता सासरे. सासरे ट्रक ड्रायव्हर. एकाच कंपनीत बत्तीस वर्षं, त्यातली शेवटची एकोणीस एकाच दहा चाकी गाडीवर. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, गाडी चालवता येते का? मी म्हटलं नाही, पण बनवता येते. त्यांना वाटलं कारखान्यात आहे. मग मी त्यांना माझी खोली दाखवली. त्यांनी एक गाडी उचलली, चाक फिरवून बघितलं, परत ठेवली आणि बायकोला, म्हणजे त्यांच्या मुलीला म्हणाले, चांगला आहे मुलगा, व्यसन नाही ना काही? हे आमचं नातं! सतरा वर्षं ते आले की विचारतात, काय जावईबापू, खेळ कसा चाललाय? अपमान म्हणून नाही विचारत, काळजीनेच विचारतात. मला काही वाटत नाही.

तर यंदा ते निवृत्त होणार. कंपनीने मोठा कार्यक्रम ठरवला, कारण काय, तर बत्तीस वर्षांत एकही अपघात नाही. एकही म्हणजे एकही नाही. आमच्या घरी हे वाक्य असं बोललं जायचं जसं दुसऱ्यांच्या घरी कोणी डॉक्टर झालेलं असतं. बायको लहानपणापासून शाळेत सांगत आली, माझ्या बाबांच्या गाडीला कधी ओरखडा आला नाही. तर बायको म्हणाली, अहो, तुम्ही बाबांची गाडी बनवा ना. हुबेहूब. मी विचारलं, हुबेहूब? म्हणाली, हुबेहूब. हे लक्षात ठेवा तुम्ही, कारण तिला नंतर आठवेना.

गुपचूप बनवायची होती. मग कंपनीच्या मेकॅनिकला पटवलं, आणि सासरे निवृत्तीआधीची साठलेली सुट्टी संपवत घरी असताना दोन रविवार मी त्या शेडमध्ये. टेप, टॉर्च, आरसा लावलेली काठी, दात बघायचाच तो आरसा, आणि वही. चारशे बारा फोटो! मेकॅनिक म्हणाला, साहेब, गाडी विकत घेताय का? मी म्हटलं, नाही हो, लहान करतोय. गेला बिचारा दुसऱ्या गाडीखाली. केबिनचा पांढरा कुठे पिवळा पडलाय, ड्रायव्हरच्या दाराला कोपर टेकून टेकून रंग कुठे उडालाय, पायरीची डावी कड कशी झिजलीय... सगळं टिपलं. सतरा वर्षांत सासऱ्यांबद्दल जेवढं कळलं नव्हतं ना, तेवढं त्या दोन रविवारांत कळलं.

आणि मागे, फाळक्याच्या डाव्या कोपऱ्यावर, ग्रीस. तळहाताएवढा थर. मला आश्चर्य वाटलं. कारण तिथे ग्रीस लावण्यासारखं काही नाहीच, ना बिजागरी ना कडी. आणि थर कसा, बोटाने सारखा केलेला, कडा गोल. म्हटलं, मेकॅनिक लोक निष्काळजी, हात पुसला असेल. मी खिशातून रुमाल काढला आणि पुसलं. माझ्या हाताने पुसलं, हो! खाली निघाला पोचा. चांगला अंगठ्याएवढा खोल. आणि पोच्यात रंग. हिरवा.

आता तुम्हाला काय सांगू तो हिरवा! पोपटी म्हणावा तर नाही, शेवाळी म्हणावा तर नाही, मधूनच निळ्याची झाक. मला इतका आनंद झाला. तीन दिवस, तीन दिवस लागले तो रंग जुळवायला. लॅबमध्ये दातांच्या रंगपट्टीशेजारी हिरवे ठिपके काढत बसलो होतो, शेजारचा म्हणाला, कोणाचा दात रे हा? शेवटी दोन वेगळ्या हिरव्यांत थोडा राखाडी घातला तेव्हा कुठे बसला. वहीत लिहिलं, पोचा, जमिनीपासून एकशे अठरा सेंटीमीटर, ओरखडा आडवा, गाडी मागे जाताना लागलेला. तुम्ही म्हणाल, अरे, मग डोकं कुठे होतं? तिथेच होतं! चोवीसने भागत होतं.

कार्यक्रमाचा दिवस. कंपनीचा हॉल, साठेक खुर्च्या, सगळे ड्रायव्हर, गोदामाची माणसं, वजनकाट्यावरचा कारकून, मागे कागदी कप घेऊन फिरणारा गडबड्या. हा गडबड्या कोण, ते सांगतो. आधी फोर्कलिफ्ट चालवायचा. बोलणं घाईचं, चालणं घाईचं, म्हणून गडबड्या. वर्षापूर्वी वजनकाट्याच्या खोलीचा कोपरा कोणीतरी ठोकला, भिंतीचा टवका उडाला, खिडकी तडकली. बघितलं कोणीच नाही. पण नावच गडबड्या म्हटल्यावर पुरावा कोण मागतो? तो शपथा घेऊन सांगत होता, मी नाही, मी नाही, ते पण इतक्या घाईने की लोकांना वाटलं हाच. काढला फोर्कलिफ्टवरून, लावला पोती उचलायला. हे सगळं मला नंतर कळलं, बरं का. त्या दिवशी मला तो फक्त कप वाटणारा माणूस.

मॅनेजरसाहेब बोलायला उठले. आवाज असा भरून आलेला, "बत्तीस वर्षं... आणि गाडीला... एकही ओरखडा नाही!" टाळ्या. चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं. सासरे उभे, इस्त्रीचा शर्ट, मान खाली. मला वाटलं, लाजले. मग बायकोने मला कोपराने ढोसलं, आणि मी खोका घेऊन पुढे गेलो, झाकण उचललं.

तुम्हाला सांगतो, हॉलमध्ये असा आवाज झाला, आ... असा. सगळे उठून पुढे आले. ड्रायव्हर लोक एकमेकांना दाखवायला लागले, अरे ती पायरी बघ, अरे ते दार बघ. माझी छाती फुगली का? फुगली असावी. सासऱ्यांनी गाडी बघितली, मागचा कोपरा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. सतरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, भारावले.

मॅनेजरसाहेबांनी चष्मा लावला. गाडी वळवली. बोटाने तो कोपरा दाखवला आणि विचारलं, हा रंग कसला? आता इथे जगातला कोणताही शहाणा माणूस काय म्हणाला असता? चुकून लागला साहेब, ब्रश घसरला. झालं असतं! पण मला कोणी तपशिलातलं विचारलं की मला राहवत नाही. मी म्हटलं, साहेब, तो मूळ गाडीवर आहे, ग्रीसखाली होता, मी पुसून काढला. जमिनीपासून एकशे अठरा सेंटीमीटर. ओरखड्याची दिशा बघा, म्हणजे गाडी मागे येताना लागलंय, आणि डावीकडे वळवून पुन्हा पुढे घेतलीय. आणि रंगाचं तर विचारूच नका, असा हिरवा डब्यात मिळत नाही.

"माहीत आहे," मॅनेजर म्हणाले. "काट्याच्या खोलीला उरलेले दोन डबे मीच मिसळून लावायला लावले होते."

आता इथेही मला कळायला हवं होतं. नाही कळलं! मी विचारलं, त्यात राखाडी होता का हो थोडा? बघा. आणि तेवढ्यात काट्यावरचा कारकून मागून म्हणाला की आमचा कोपराही छातीएवढ्या उंचीवरच फुटलाय, फोर्कलिफ्टची पाठ तर कमरेच्या वर येत नाही. तो कोणाला उद्देशून बोलला नाही, आपला हिशोब मांडला. पण मग एकेक डोकं वळायला लागलं, आधी गाडीकडे, मग सासऱ्यांकडे, मग पार मागे, गडबड्याकडे.

सासरे म्हणाले, "गाडी मीच ठोकली. मागे घेताना." मग गडबड्याकडे बघून म्हणाले, "माझ्यामुळे तू वर्षभर पोती उचललीस. रोज सांगीन म्हणायचो. बत्तीस वर्षं आड यायची."

एवढंच. आवाज चढला नाही, उतरला नाही. प्रमाणपत्र टेबलावर पालथं ठेवलं. आणि तो गडबड्या, आयुष्यात कधी सावकाश काही केलं नसेल त्याने, त्याने हातातला ट्रे असा हळू खाली ठेवला, एकही कप न हलवता, आणि दारातून निघून गेला. मग सगळे शेडमध्ये खरी गाडी बघायला. आणि तिथे तो हिरवा, मीच पुसलेला, काय लखलखीत दिसत होता! बायको रडत होती. मी तिच्या शेजारी उभा होतो आणि मनात काय आलं सांगू? की माझा हिरवा एका छटेने गडद झालाय. देवाशपथ, दुसरं काही नाही. आपण काय, जे दिसलं ते केलं.

घरी येताना हेच म्हणालो बायकोला. तर ती चालता चालता थांबली, रस्त्यातच, आणि म्हणाली, "ग्रीस दिसत होतं ना? मग ग्रीस करायचं!"

आता बोला. आठ वर्षं क्लबात जातोय, एकाही परीक्षकाने मला असं धरलं नव्हतं. ग्रीस दिसत होतं, हे मान्यच करायला लागतं. त्यानंतर महिनाभर कप इंचभर वरून.

सासरे घरात बसून राहिले. कोणाकडे जाणं नाही, येणं नाही. शेजारचे म्हणे आधी सकाळ-संध्याकाळ विचारायचे, काय ड्रायव्हरसाहेब, ते आता सासरे फाटकात दिसले की नजर चुकवायला चप्पल शोधत वाकतात. बायको रोज फोन करायची, मग माझ्याकडे बघायची. गडबड्याला फोर्कलिफ्ट परत मिळाली. एका संध्याकाळी तो सासऱ्यांकडे आला म्हणे, दहा मिनिटं बसला, आणि उठताना म्हणाला की वर्षभर दुसऱ्यांनी चालवून ब्रेकची वाट लावलीय, आणि गेला. सासऱ्यांना त्या रात्री झोप लागली, असं बायकोने सांगितलं. मला काही वाटलं नाही. म्हणजे बरं वाटायला हवं होतं, तेवढं मला कळत होतं. कळणं आणि वाटणं यात माझ्याकडे मधला पाइपच तुटलेला.

आणि परवा रविवारी सकाळी दार वाजलं. उघडतो तर सासरे. हातात कापडी पिशवी, पिशवीत खोका. मी ओळखलाच खोका. म्हटलं, आली वेळ, आता हा माणूस ती गाडी माझ्यासमोर आपटणार. आणि खरं सांगतो, आपटा म्हटलं मनात, एकदाचं होऊन जाऊ दे. ते बायकोशी बोलले नाहीत, तडक माझ्या खोलीत. खोली कसली, अडगळीची, एकच खुर्ची. त्या खुर्चीवर ते बसले. मी उभा. बायको दारात. त्यांनी गाडी काढली, टेबलावर ठेवली. मग बोटाच्या टोकाने केबिनचं दार उघडलं. ते उघडतं, मी बिजागऱ्या लावल्यात. बंद केलं. म्हणाले, खरं दार दोनदा ओढावं लागायचं. मी म्हटलं, माहीत आहे, पण या आकारात जमत नाही. त्यांनी मान हलवली.

मग म्हणाले, "जावईबापू, डाव्या पायरीच्या मागे वाकून बघितलं नव्हतंत का?"

मी म्हटलं, का?

"पेट्रोलपंपाचा खांब. सात वर्षं झाली."

बायकोने दाराची कडी घट्ट धरली, ते मी बघितलं. मी विचारलं, तो कोणाच्या नावावर गेला? म्हणाले, कोणाच्या नाही, खांब आधीपासूनच तिरका होता. मग त्यांनी तोंड पुसलं आणि बोलायला लागले, आणि एकदा लागले ते लागलेच... उजव्या आरशाचा दांडा, तो नंतर बदललेला, मागच्या मडगार्डला एक झाड, नंबरपट्टीच्या खाली एक काय ते त्यांनाही माहीत नाही, अंधार होता. अकरा! तुम्हाला सांगतो, बोटांवर मोजले त्यांनी, एक हात, दुसरा हात आणि वर एक. कोणाला सांगितले नव्हते. म्हणाले, सगळे एकदम नको, तुमचं काम बारीक, दर रविवारी येतो आणि एक एक दाखवतो कुठे ते. मी म्हटलं, बाबा, पण ते एकही ओरखडा नाही म्हणायचे ते? तर शांतपणे म्हणाले, "ते मॅनेजर म्हणायचा. मी कधी म्हणालो?"

आणि टॉर्च उचलला माझा. पायरीच्या मागे धरला. म्हणाले, हं, करा सुरू.

मी ब्रश घेतला आणि तुम्हाला सांगतो, हात थांबला. आतून असं काहीतरी भरून आलं, पार डोळ्यांपर्यंत. महिनाभर जे शोधत होतो, नेमकं ते. अकरा राहिले! चारशे बारा फोटो, दोन रविवार, दात बघायचा आरसा, आणि अकरा राहिले. मी डोळे पुसायला लागलो. सासऱ्यांनी टॉर्च दुसरीकडे वळवला, मोठा समजूतदार माणूस. आणि बायको दारातून आत आली, महिन्यानंतर पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, कशाचं वाईट वाटतंय हो?

आता काय सांगणार? बाबांचं, म्हटलं.